हँडब्रेक ढिला का पडतो

मोटारगाडीच्या सर्व अवयवांमध्ये चालकाच्या गैरहजेरीत ज्याला आपले मुख्य काम बजावावे लागते असा अवयव बहुधा एकच, आणि तो म्हणजे हँडब्रेक. इंजिन, गिअर, स्टीअरिंग आणि पायाचा ब्रेक ही सारी मंडळी मालकाच्या देखत राबतात व चुकली तर जागच्या जागी सापडतात. हँडब्रेकाची नेमणूक मात्र मालक दार लावून निघून गेल्यानंतरच्या पहाऱ्यासाठी असते, आणि त्यामुळेच त्याच्यात शिरलेली ढिलाई महिनोन् महिने कोणाच्या ध्यानात येत नाही. सपाट प्रदेशात राहणाऱ्या माणसाची गाडी गिअरमध्ये ठेवली तरी उभी राहते, म्हणून त्याला हँडब्रेक म्हणजे केवळ एक उपचार वाटू लागतो. पुढे कधी महाबळेश्वरला किंवा पन्हाळ्याला जाण्याचा योग आला, चढावर गाडी लावून तो दोन पावले चालला, आणि मागून कोणी तरी ओरडले, म्हणजे या उपचाराची किंमत त्याला कळते. कायद्याने तर ही गोष्ट केव्हाच गंभीर मानली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२६ व्या कलमान्वये, सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवताना चालकाच्या आसनावर परवानाधारक इसम बसलेला नसेल, तर यंत्र बंद करून व ब्रेक लावून, अथवा अन्य उपाय योजून, ती आपोआप चालू लागणार नाही अशी तजवीज करणे बंधनकारक आहे.

प्रस्तुत प्रकरणात उदाहरणादाखल मी मारुती ८०० ही गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे. १९८३ च्या अखेरीस ती रस्त्यावर आली, २०१४ च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले, आणि आज ज्या थोड्याफार गाड्या जिवंत आहेत त्यांपैकी बहुतेकांची पंधरा वर्षांची नोंदणीची मुदत केव्हाच संपलेली असून, आरटीओसमोर रुजू होऊन, तपासणी करवून, पाच-पाच वर्षांच्या वाढीव मुदतीवर त्या जगत आहेत. तिच्या मागच्या चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत आणि हँडब्रेक याच ड्रमांवर चालतो. त्या काळच्या बहुतेक लहान गाड्यांची रचना थोड्याफार फरकाने अशीच असल्यामुळे येथे सांगितलेले इतरांनाही लागू पडावे. एक भेद मात्र आरंभीच नोंदवला पाहिजे. मारुतीचे इंजिन पुढची चाके फिरवते, म्हणून उभ्या गाडीत पहिला गिअर टाकला की पुढची चाके गिअर धरतो आणि मागची हँडब्रेक, अशी चारही चाके बंदोबस्तात येतात. उलट मुंबईत एके काळी टॅक्सी म्हणून सर्वत्र दिसणारी प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बॅसडर यांची मागची चाके इंजिनाला जोडलेली असल्याने गिअर आणि हँडब्रेक हे दोघेही त्याच दोन चाकांवर पहारा करतात व पुढची चाके मोकळी राहतात.

आता यंत्रणा पाहू. दोन आसनांच्या मध्ये असलेला दांडा वर ओढला की त्याच्या बुडाशी असलेली केबल ताणली जाते. ती गाडीच्या पोटाखालून मागे जाऊन दोन फाट्यांनी दोन्ही चाकांकडे पोहोचते. ड्रमच्या आत तिचे टोक एका लहानशा दांडीला अडकवलेले असते, आणि ती दांडी ओढली गेली म्हणजे अर्धचंद्राकृती दोन ब्रेक-शू एकमेकांपासून दूर लोटले जाऊन ड्रमच्या आतल्या भिंतीला टेकतात. शूवर बसवलेल्या घर्षणाच्या थराला आपल्याकडे गॅरेजमध्ये लायनर म्हणतात. पायाच्या ब्रेकमध्ये हेच शू तेलाच्या दाबाने सरकतात. हँडब्रेकात मात्र तेलाचा संबंध मुद्दाम ठेवलेला नाही, कारण द्रवाचा दाब रात्रभर टिकेलच याची शाश्वती देता येत नाही, आणि तेलाचा ब्रेक फसला तर निदान एक स्वतंत्र मार्ग शिल्लक राहावा हाही त्यात हेतू आहे. बाहेर नळीसारखे वेटोळ्याचे आवरण व आत सरकणारी पोलादी तार, अशी ही केबल अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन याच्या १८९६ सालच्या पेटंटची वंशज होय. लहानशा हालचाली वाकड्या वाटेने दूर पोहोचवण्याचे याहून स्वस्त साधन अजून फारसे कोणाला सापडलेले नाही, आणि पाणी शिरले की याहून लवकर रुसणारे साधनही विरळाच.

या रचनेतील सारी करामत तरफेची आहे, आणि ढिलाईचे मूळही त्याच करामतीत दडलेले आहे. समजा, हाताच्या दांड्याने बळ सहापट होते आणि ड्रममधल्या दांडीने ते पुन्हा चौपट होते. म्हणजे हाताने लावलेला २० किलोंचा जोर, घर्षणाची घट सोडून दिली तर, एकूण ४८० किलोंचा होऊन दोन चाकांत अर्धा-अर्धा वाटला जातो. गाडीच्या मानाने दुबळा असलेला मनुष्याचा हात तिला थोपवू शकतो तो या चोवीसपटीमुळे. परंतु तरफ कोणालाही काही फुकट देत नाही. बळ जितके पट वाढते तितके पट अंतर घटते, आणि म्हणून हाच हिशेब उलट वाचला असता असे दिसते की शू आणि ड्रम यांच्यामध्ये केवळ अर्धा मिलिमीटर जास्तीची फट पडली, तर ती भरून काढण्यासाठी हाताच्या दांड्याला १२ मिलिमीटर जादा उचलावे लागते. चाकापाशी डोळ्याला न दिसणारी झीज हातापाशी दोन-तीन खटक्यांची होऊन प्रकट होते. सुस्थितीतील लहान गाडीत साधारण पाच-सहा खटक्यांत दांडा घट्ट व्हावा. तो दहा-बारा खटके वाजवत छपराकडे निघाला, तर दोष हातापाशी दिसत असला तरी त्याचे घर बहुधा ड्रममध्येच असते.

आणि नेमकी येथेच आपल्या गॅरेजांची जुनी खोड आड येते. गाडी नेऊन उभी केली, ‘हँडब्रेक धरत नाही’ अशी तक्रार केली, की मिस्त्री दांडा एकदा वर-खाली करून पाहतो, ‘केबल ताणली आहे साहेब, दोन आटे आवळून देतो’ असे म्हणतो, दांड्याभोवतीचे रबरी आवरण बाजूला सारून १० नंबरच्या पान्याने नट फिरवतो आणि पाच मिनिटांत गाडी परत करतो. दांडा खरोखरच चार खटक्यांत घट्ट होतो, मालक संतुष्ट होतो, आणि रोग जसाच्या तसा राहतो. वस्तुतः पोलादी तार वाटते तितकी ताणली जात नाही. नव्या केबलचे पीळ व आवरणाची वेटोळी थोडी दबून बसतात, ती बसली की पुढे वर्षानुवर्षे तिच्या लांबीत नाव घेण्याजोगा फरक पडत नाही, आणि तिचे एकेक तंतू तुटू लागले असतील तर गोष्ट निराळी, पण तेव्हा आटे आवळणे हा उपाय नसून धोका आहे. शिवाय नट असा आवळत गेले की ड्रममधली दांडी आपल्या विश्रांतीच्या जागेवरून कायमची उचललेली राहते. लायनर झिजेल तसतशी फट आपोआप कमी करणारी जी दातेरी योजना पुष्कळ गाड्यांच्या ड्रममध्ये असते, तिचा खेळ त्यामुळे बंद पडतो; मग पायाचा ब्रेकही खोल जाऊ लागतो, आणि मालक दुसरीच तक्रार घेऊन त्याच गॅरेजात येतो.

म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी दांड्याची साक्ष नीट नोंदवून घ्यावी. दांडा हलका असून फार वर येतो, तर फट वाढली आहे. दांडा दोन-तीन खटक्यांतच ताठ होतो आणि तरीही गाडी धरत नाही, तर बळ वाटेतच कोठे तरी खर्ची पडते आहे, म्हणजे केबल आवरणात गंजून जाम झाली आहे, किंवा बळ पोहोचते आहे पण लायनर तेलकट अथवा काचेसारखा गुळगुळीत झाल्यामुळे ते वाया जाते. दांडा योग्य ठिकाणी घट्ट होऊन मग हात सोडताच खाली घसरतो, तर बुडाशी असलेल्या दातेरी पट्टीचे व खिटीचे दात झिजले आहेत. ते कानशीने पुन्हा टोकदार करून देणारे कारागीर भेटतात, पण घासलेला दात किती दिवस टिकेल याचा जामीन कोणी राहत नाही, तेव्हा दांडा बदलणेच श्रेयस्कर. गाडी धुतल्यावर वा पहिल्या पावसात तेवढ्यापुरता हँडब्रेक मंद वाटला, तर ड्रममधली ओल हेच कारण असण्याचा संभव असतो व सावकाश थोडे अंतर ब्रेक दाबत गेले की ती जाते.

ड्रम उघडताना घ्यावयाच्या दक्षतेविषयी चार शब्द अधिक लिहितो, कारण या कामात जीव जातो तो नेमका येथे. मागचा ड्रम काढावयाचा तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणजे गाडीचा एक पहारेकरी आपण स्वतःच रजेवर पाठवतो. मारुतीत पहिला गिअर टाकला तर जमिनीवरची पुढची चाके धरली जातात. परंतु पद्मिनी किंवा ॲम्बॅसडर यांसारख्या गाडीत एक मागचे चाक उचलल्याबरोबर गिअरचा आधारही नाहीसा होतो, कारण डिफरन्शिअलच्या योगाने अधांतरी चाक मोकळे फिरते आणि इंजिन घट्ट असूनही दुसरे चाक हवे तिकडे जाऊ शकते. तेव्हा जागा सपाट व टणक असावी, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे घट्ट लावलेले असावेत, आणि गाडीचा भार स्टँडवर उतरवल्यावाचून तिच्याखाली हातसुद्धा घालू नये. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे.

ड्रम सहजासहजी निघत नाही. झिजून झिजून आत पडलेल्या चरीच्या कडेला शू अडकलेले असतात. फट कमी करणारी योजना मागे घेता येत असेल तर ती घ्यावी, नाही तर कडेने लाकडी हातोडीचे हलके ठोके द्यावेत. ज्या गाड्यांत ड्रम व बेअरिंग एकत्र असून मधल्या नटाने धरलेले असतात तेथे बेअरिंगचा ताण पुन्हा बिनचूक बसवण्याची माहिती ज्याला आहे त्यानेच पुढे जावे. ड्रम निघताच आतून तपकिरी-काळी भुकटी खाली पडते. ती हवेच्या झोताने किंवा तोंडाने फुंकून उडवण्याचा प्रघात सर्वत्र दिसतो आणि तो अत्यंत घातक आहे, कारण जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात गेले की परत निघत नाहीत. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे.

आत काय दिसेल? प्रथम लायनरची जाडी पाहावी. रिव्हेटने बसवलेल्या लायनरात रिव्हेटच्या डोक्यावर सुमारे १ मिलिमीटर थर उरला असेल तर नवे शू आणण्याची वेळ झाली, आणि रिव्हेटचे पितळ ड्रमला घासून चकाकत असेल तर ती वेळ टळून गेली. मग तेलाच्या दाबाने शू सरकवणाऱ्या व्हील सिलिंडरच्या दोन टोकांची रबरी टोपणे नखाने किंचित उचलावीत: आत ओल दिसली तर ब्रेक ऑइल गळते आहे. तेल लायनरात मुरले की घर्षण पार मरते, आणि एकाच चाकात असे झाले असेल तर हँडब्रेक ओढल्यावर दुसरे एकटे चाकच काय ते झुंजत राहते. मुरलेले तेल पेट्रोलने धुऊन किंवा लायनर शेगडीवर भाजून काढण्याचे प्रयोग मी पाहिले आहेत, आणि त्या दिवसापुरते ते यशस्वी झाल्यासारखे दिसतातही. ड्रम तापला की आत दडलेले तेल पुन्हा पृष्ठभागावर येते. गळती थांबवून दोन्ही चाकांचे शू एकदमच बदलावेत, कारण एका बाजूस जुना व दुसऱ्या बाजूस नवा लायनर असला तर गाडी ब्रेक लावताना एकीकडे ओढते. लायनर जाड आणि कोरडा, पण आरशासारखा गुळगुळीत असेल, तर एमरी पेपरने त्याची चकाकी काढावी. ड्रमच्या भिंतीवर खोल चरे असतील तर लेथवर तो साफ करून घेता येतो, मात्र बहुतेक ड्रमांवर कोरलेली कमाल व्यासाची मर्यादा ओलांडू नये.

यानंतर नजर जावी ती दोन शूंमधल्या फट भरणाऱ्या योजनेकडे. कोकणपट्टीत किंवा मुंबईत ज्या गाडीचे आयुष्य गेले तिच्यात हे दाते गंजाने असे चिकटलेले असतात की गेली पाच वर्षे त्यांनी आपले काम केलेले नाही हे उघड दिसते, आणि मालक मात्र तेवढा काळ केबलचे आटे आवळत आलेला असतो. ते सोडवून, तारेच्या ब्रशने घासून, उष्णतेने न वितळणारे ग्रीस अगदी नखभर लावून पुन्हा बसवावेत. शूची पाठ ज्या पत्र्यावर सरकते त्या टेकूंनाही तेच ग्रीस, तेही अत्यल्प; लायनरला त्याचा स्पर्श होता कामा नये. डाव्या व उजव्या चाकाचे भाग दिसायला सारखे असले तरी आटे उलट असतात, ते अदलाबदल झाले तर फट भरण्याऐवजी वाढत जाते. म्हणून एका वेळी एकच चाक उघडावे, म्हणजे दुसरे नकाशा म्हणून उपयोगी पडते.

केबलची परीक्षा सोपी आहे. दांड्याकडचे टोक मोकळे करून एकेक तार पक्कडीने ओढावी आणि सोडावी. ती आवाज न करता सरकली व स्प्रिंगच्या जोराने आपोआप परतली तर तिच्यावर खटला नाही. करकर आवाज आला, मध्येच अडली, ओढलेली तशीच राहिली, तर आवरण जेथे वाकून सर्वांत खाली येते तेथे पाणी साचून गंजाची गाठ झाली आहे असे समजावे. वरून ऑइल सोडून ती काही आठवडे चालवता येते. माझे मत असे की जिच्या आवरणाचे प्लास्टिक फाटून आतील वेटोळी दिसू लागली तिच्यावर तेल आणि वेळ खर्च न करता दोन्ही बाजूंच्या केबली एकदमच बदलाव्यात. एक नवी व एक गंजलेली अशी जोडी दोन चाकांना कधीच समान न्याय देत नाही.

जोडणीचा क्रम उघडण्याइतकाच महत्त्वाचा आहे. दांड्यापाशी असलेला नट पूर्ण ढिला ठेवून आधी ड्रममधली फट ठरवावी: शू इतके पसरावेत की ड्रम चढताना लायनरला किंचित खरखर लागावी, पण चाक हाताने फिरावे. ड्रम बसवल्यावर पायाचा ब्रेक वीस-पंचवीस वेळा दाबावा. आपोआप फट भरणारी योजना जिवंत असेल तर आतून टिकटिक ऐकू येते आणि काही वेळाने थांबते. नंतर हँडब्रेक जोराने पाच-सात वेळा ओढून सोडावा, म्हणजे केबल आपापल्या जागी बसते. हे सर्व झाल्यावरच नटाला पाना लावावा, पाच-सहा खटक्यांत दांडा घट्ट होईल इतकाच तो आवळावा, लॉकनट असल्यास तोही कसावा, आणि दांडा पूर्ण खाली सोडून दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत. एक चाक जरी अडखळले, तर नट अर्धा आटा परत घ्यावा. ओढून धरलेले शू रस्त्यावर तापतात, पेट्रोल खातात व लायनर जाळून टाकतात. नवे शू प्रारंभी सर्व पृष्ठभागाने टेकत नाहीत, म्हणून काहीशे किलोमीटर गाडी चालल्यावर खटके पुन्हा मोजावेत.

परीक्षेला बेताचा चढ निवडावा आणि कसोटी गाडीच्या वजनाशी ताडून पाहावी. ६५० किलोंच्या रिकाम्या मारुतीला २० टक्के चढणीवर, म्हणजे पाच मीटर अंतरात एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, खाली ओढणारे बळ सुमारे १२७ किलोंचे असते. चार माणसे व त्यांचे सामान धरून ती ९५० किलोंची झाली तर ते १८६ किलोंवर जाते. आंतरराष्ट्रीय नियमावलीत याच २० टक्के उतारावर भरलेली प्रवासी मोटार हँडब्रेकने उभी राहिली पाहिजे आणि त्यासाठी हाताला सुमारे ४० किलोंहून अधिक जोर लागता कामा नये, अशी अट आहे. तोंड खाली करून उभी केलेली गाडी मागच्या चाकांवरचा भार पुढे ढकलत असल्यामुळे, मागच्या चाकांनीच धरणाऱ्या हँडब्रेकाची खरी कसोटी उतारमुखी उभे राहण्यात लागते; ओल्या घाटात तर चाक घट्ट धरलेले असूनही टायर घसरू शकतो. शेजारी माणूस ठोकळा घेऊन उभा असावा, पाय ब्रेकवर तयार असावा, आणि मग पाय हळूहळू उचलावा.

नेहमीच्या वापरातही क्रम पाळण्यासारखा आहे: पायाचा ब्रेक दाबून ठेवून हँडब्रेक ओढावा, पाय हळूच सोडून गाडीचा भार त्याच्यावर बसू द्यावा, आणि शेवटी गिअर टाकावा. आधी गिअर टाकणाऱ्याचा सारा भार इंजिनावर पडतो, आणि जुन्या इंजिनाचे कॉम्प्रेशन गळालेले असेल तर उतारावर गाडी थांबून थांबून, इंच-इंच सरकत जाते. चढावर चाकामागे दगड लावण्याची पद्धत निषिद्ध नाही, परंतु निघताना तो दगड रस्त्यात तसाच टाकून जाणारे सद्गृहस्थ घाटात रात्री दुचाकीवरून येणाऱ्याच्या जिवावर उठतात, हे येथे बजावून ठेवणे अवश्य आहे. ज्यांच्या गाडीला मागेही डिस्कचे ब्रेक आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी: घाट उतरून तापलेली डिस्क थंड होताना किंचित आकसते व हँडब्रेकाची पकड सैल पडते, म्हणून अशा वेळी दांडा एक-दोन खटके जास्त ओढावा आणि गिअर टाकल्यावाचून गाडी सोडू नये.

गाडी पावसाळाभर उभीच राहणार असेल, तर मात्र हँडब्रेक ओढून ठेवू नये. ओल्या ड्रमला लायनर गंजाने चिकटतो आणि चार महिन्यांनी गाडी हलवताना तो शूपासून सुटून येण्याची भीती असते; सपाट जागा पाहून, पहिला गिअर टाकून, चारही चाकांना ठोकळे लावावेत आणि दांडा खाली सोडलेला आहे असे चिठ्ठीवर लिहून ती स्टीअरिंगला बांधून ठेवावी.